भिंगाचं स्थलांतर

माझ्याकडे ‘ज्युपिटर-१२’ हे रेंजफाइंडर कॅमेऱ्याचं जुनं सोव्हिएत भिंग आहे. ३५ मिलिमीटरचं, त्यामुळे अरुंद गल्लीही बरीचशी मावते. घराणं मात्र जर्मन. झाइस कंपनीच्या काँटॅक्स कॅमेऱ्यासाठी लुडविग बेर्टेले यांनी १९३० च्या दशकात रचलेल्या ‘बायोगॉन’ची ही आवृत्ती. मागची फुगीर काच थेट शटरलगत जाते. आरशाच्या कॅमेऱ्यात ती मावणारच नाही. बसवताना मी आजही श्वास रोखतो! महायुद्धानंतर सोव्हिएत संघाने भरपाई म्हणून झाइसची यंत्रसामग्री उचलली. काँटॅक्सचा ‘कीव्ह’ झाला, बायोगॉनचं ज्युपिटर. यंत्रांचं एक वेळ ठीक. पण ऑक्टोबर १९४६ मध्ये येना शहरातल्या झाइसच्या तंत्रज्ञांनाही बायकामुलांसह आगगाडीत बसवून नेलं. आम्ही संग्राहक भिंगावरचे ओरखडे मोजतो, क्रमांकावरून साल काढतो. त्या माणसांपैकी बहुतेकांना घरी परतायला १९५० चं दशक उजाडलं.