पीपी नंबरवरची घरे

घरातल्या कपाटावर ठेवलेल्या छोट्याशा सर्व्हरवर फोटो, हिशेब, कॅमेऱ्याचे चित्रण असते आणि घरात बसून ते सगळे झटकन उघडते. परगावाहून तेच उघडायला गेले की राउटरपाशी गाडी अडते. मग पोर्ट फॉरवर्डिंग, डायनॅमिक डीएनएस, व्हीपीएन अशा एकेका शब्दाशी गाठ पडते. ही आडकाठी घराच्या सुरक्षेसाठी मुद्दाम घातलेली आहे, अशी बहुतेकांची समजूत असते. इतिहास वेगळे सांगतो. राउटरची ही भिंत पत्त्यांच्या टंचाईमुळे उभी राहिली, तीही तात्पुरती म्हणून. सुरक्षेचा गुण तिला मागाहून चिकटवला गेला. हा भेद नुसता शब्दांचा नाही. भिंत सुरक्षेसाठी असेल तर ती कायम राहायला हवी. टंचाईमुळे असेल तर टंचाई सरल्यावर दार उघडायचे की नाही, हे घरमालकाने ठरवायला हवे.

सुरुवातीला कसे होते ते पाहू. सप्टेंबर 1981 मध्ये आयपीव्ही4 ही नियमावली प्रसिद्ध झाली आणि 1 जानेवारी 1983 रोजी अमेरिकेतले अर्पानेट टीसीपी/आयपीवर आले. पत्ता 32 बिटांचा, म्हणजे एकूण सुमारे 429 कोटी पत्ते. काही विद्यापीठे आणि लष्करी संस्था यांना जोडणाऱ्या जाळ्यासाठी हा आकडा अफाट वाटला. या रचनेत मागणारे यंत्र आणि देणारे यंत्र अशा दोन जाती नव्हत्या. ज्याला पत्ता आहे तो हाक मारू शकतो आणि त्याला हाक मारताही येते, एवढाच नियम. टिम बर्नर्स-ली यांनी 1990 मध्ये सर्न या संस्थेत जगातला पहिला वेब सर्व्हर चालवला तो त्यांच्या कामाच्या नेक्स्ट संगणकावर. हे यंत्र सर्व्हर आहे, बंद करू नका, अशी हाताने लिहिलेली चिठ्ठी त्यावर डकवलेली होती. सर्व्हर म्हणजे कोणाच्याही टेबलावरचे यंत्र असू शकते, हे त्या वेळी गृहीतच होते. मात्र पत्त्यांची वाटणी सढळ हाताने आणि असमान झाली. एकट्या एमआयटीकडे 18 ने सुरू होणारे सगळे पत्ते होते, म्हणजे 1 कोटी 67 लाखांहून अधिक. त्यातले 1 कोटी 40 लाख वापरलेच गेले नाहीत, असे त्या संस्थेनेच 2017 मध्ये त्यांतला मोठा हिस्सा विकायला काढताना सांगितले.

नव्वदच्या दशकाच्या आरंभीच पत्ते संपणार हे अभियंत्यांना दिसू लागले. मे 1994 मध्ये केल्ड एगेवांग आणि पॉल फ्रान्सिस यांनी आरएफसी 1631 या दस्तऐवजात नॅट, म्हणजे पत्ते बदलून देण्याची युक्ती मांडली. आत कितीही यंत्रे असोत, बाहेर थोडेच पत्ते दाखवायचे. पुढे पोर्ट क्रमांकांचीही अदलाबदल रूढ झाली आणि अख्ख्या घराला एक पत्ता पुरू लागला. खासगी वापराचे 192.168 चे पत्ते, जे आज घरोघरी दिसतात, ते 1996 च्या आरएफसी 1918 मध्ये पक्के झाले. ही युक्ती जवळून पाहण्यासारखी आहे. घरातला 192.168.1.10 बाहेर काही मागतो, तेव्हा राउटर आपल्या तक्त्यात त्याची नोंद करतो, पाकिटावरचा पत्ता पुसून स्वतःचा घालतो आणि उत्तर आले की नोंद बघून ते आत पोचवतो. आपणहून आलेल्या पाकिटाची नोंद तक्त्यात नसते. ते कोणाला द्यायचे हेच राउटरला कळत नाही, म्हणून ते टाकून दिले जाते. फोन दुर्मीळ होते त्या काळात आपल्याकडे लोक शेजाऱ्याचा नंबर देऊन पुढे ‘पीपी’ लिहीत. येणारा फोन आपल्यापर्यंत पोचणे शेजाऱ्याने हाक मारण्यावर अवलंबून असे. नॅटने घरातल्या प्रत्येक यंत्राला असा पीपी नंबर दिला. पोर्ट फॉरवर्डिंग म्हणजे शेजाऱ्याला दिलेला कायमचा निरोप: अमुक क्रमांकावर हाक आली तर 192.168.1.10 ला बोलवा. डायनॅमिक डीएनएस म्हणजे शेजाऱ्याचा नंबर वरचेवर बदलतो, म्हणून ताजा नंबर एका ठरलेल्या नावापुढे लिहून ठेवणे.

एगेवांग आणि फ्रान्सिस यांचा प्रांजळपणा मला फार मोलाचा वाटतो. या युक्तीत असे दोष आहेत की दीर्घकाळासाठी ती योग्य नाही आणि कदाचित थोड्या काळासाठीही नसेल, अशी कबुली त्यांनी स्वतःच दिली. नॅटमुळे सुरक्षेचे पर्याय उलट कमी होतात, असेही त्याच दस्तऐवजात म्हटले आहे. तरीही तात्पुरती सोय कायमची झाली. मुंबईच्या विदेश संचार निगमने 15 ऑगस्ट 1995 रोजी भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले, तेव्हा या दस्तऐवजाला सव्वा वर्ष होऊन गेले होते. आपण या गावात आलो तेच टंचाईच्या काळात. फेब्रुवारी 2011 मध्ये पत्त्यांच्या मध्यवर्ती साठ्यातले शेवटचे पाच गठ्ठे वाटले गेले आणि एप्रिल 2012 मध्ये सेवा कंपन्यांच्या स्वतःच्या नॅटसाठी 100.64 पासूनचे पत्ते राखून ठेवण्यात आले. आता शेकडो घरांच्या पुढे आणखी एक राउटर आला आणि तो कंपनीच्या इमारतीत. घरच्या राउटरमध्ये कितीही निरोप लिहून ठेवा, हाक तिथवर येतच नाही.

यावर सुरक्षेचा आक्षेप येतो आणि तो पोकळ नाही. 2016 मध्ये मिराई नावाच्या घातक प्रोग्रामने इंटरनेटवर उघडे पडलेले कॅमेरे आणि राउटर, कारखान्यातून आलेल्या साठेक नाव-पासवर्डांच्या जोड्या वापरून, ताब्यात घेतले. 21 ऑक्टोबरला अशा यंत्रांच्या फौजेने डिन ही कंपनी कोलमडवली. घरच्या सर्व्हरला नाव मिळवून देणाऱ्या डिनडीएनएस सेवेतूनच ही कंपनी मोठी झाली होती. उघड्या दाराचा धोका याहून ठळक दिसणार नाही. पण तो धोका टाळते ते पत्ते बदलणे नव्हे, अनाहूत पाकीट नाकारणे. ते काम फायरवॉल करते आणि त्यासाठी पत्ता लपवावा लागत नाही. 128 बिटांच्या आयपीव्ही6 मध्ये प्रत्येक यंत्राला स्वतःचा पत्ता मिळतो. तरी घरगुती राउटरने बाहेरून आलेली अनाहूत जोडणी मुळात अडवावी, अशी व्यवस्था 2011 च्या आरएफसी 6092 मध्ये सुचवली आहे. दार बंदच, पण कडी आतून. पासवर्ड धड नसेल तर ती काढू नये, हे उघड आहे. पण तो निर्णय घरमालकाचा.

दुसरा आक्षेप असा की क्लाउड स्वस्त आहे, मग घरी सर्व्हर हवा कुणाला? बहुतेकांना नको असेल, मान्य. पण दोन दशके घराकडे येणारी वाटच बंद होती, हे विसरून ही पसंती मोजता येत नाही. आजही वाट काढणारे आहेत. घरचा सर्व्हरच बाहेरच्या एखाद्या यंत्राला जोडणी करून ती धरून ठेवतो आणि आपण त्या यंत्रामार्फत आत शिरतो. उपाय कामाचा आहे. फक्त आपल्याच घरात जायला तिसऱ्याची मदत लागते. आयपीव्ही6 च्या वापरात भारत आज जगातल्या आघाडीच्या देशांत आहे, म्हणजे पत्त्यांची सबब आता उरलेली नाही. राउटरच्या स्टेटस पानावर ‘वॅन’ पुढचा पत्ता वाचा. तो 100.64 ते 100.127 यांच्यातला असेल तर तुमचे घर पीपी नंबरवर आहे. मग सेवा कंपनीला दोनच प्रश्न विचारा: आयपीव्ही6 चालू आहे का, आणि बाहेरून येणारी जोडणी माझ्या राउटरपर्यंत पोचू देता का?