होशंगाबादचे शिक्षक-प्रशिक्षण

नोकरीतल्या शिक्षकांचे प्रशिक्षण म्हटले की डोळ्यांसमोर येतात व्याख्याने, हजेरीपट आणि शेवटी हाती पडणारे प्रमाणपत्र. सरकारी शाळांच्या चौकटीतही प्रशिक्षण वेगळे असू शकते, हे मध्य प्रदेशातील होशंगाबाद (२०२२ पासून नर्मदापुरम) जिल्ह्याने तीस वर्षे दाखवून दिले.

१९७२ साली रसूलियाचे फ्रेंड्स रूरल सेंटर आणि किशोर भारती या दोन संस्थांनी राज्य सरकारच्या संमतीने १६ शाळांत सहावी ते आठवीसाठी प्रयोगातून विज्ञान शिकवण्याचा कार्यक्रम सुरू केला. पुढे दिल्ली विद्यापीठ आणि मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था येथील वैज्ञानिकही त्यात आले. पण वर्गात शिकवणार होते ते गावातले शिक्षकच, आणि त्यांतले बहुतेक जण स्वतः पुस्तक पाठ करूनच विज्ञान शिकलेले होते.

म्हणून उन्हाळी शिबिरात त्यांना 'प्रयोग कसे शिकवावेत' हे सांगितले गेले नाही. मुले बसतात तसे गटागटाने बसून त्यांनी सगळे प्रयोग स्वतः केले. मापनाचाच धडा घ्या. एकाच टेबलाची लांबी सर्वांनी मोजली, तर उत्तरे थोडी थोडी वेगळी येतात. मग बरोबर कोणते? पट्टी शून्यापासून लावली होती का? डोळा सरळ वर होता का? एवढे करूनही फरक उरतोच. तो चूक नसून मापनाचा स्वभाव आहे, हे वादातून उमगते. हा वाद स्वतः घातलेला शिक्षक वर्गातल्या मुलाचे वेगळे उत्तर सहज खोडून टाकत नाही.

शिबिर संपले तरी प्रशिक्षण संपत नसे. जवळपासच्या शाळांतील शिक्षक महिन्यातून एकदा एकत्र जमत. कोणता प्रयोग फसला, मुलांनी कोणता प्रश्न विचारला, कोणते साहित्य मिळाले नाही, यावर चर्चा होई. या अनुभवांच्या आधारे 'बाल वैज्ञानिक' ही पाठ्यपुस्तके सुधारली जात. शिक्षकाचे म्हणणे पुस्तकापर्यंत पोहोचत असे, हे या कार्यक्रमाचे खरे बळ होते.

१९७८ मध्ये कार्यक्रम जिल्हाभर पसरला. १९८२ मध्ये स्थापन झालेल्या 'एकलव्य' संस्थेने पुढे त्याची धुरा वाहिली, आणि तो इतर जिल्ह्यांतही गेला. २००२ साली राज्य सरकारने तो बंद केला आणि नेहमीची पाठ्यपुस्तके पुन्हा आली. शिक्षकांमध्ये रुजलेली गोष्टही एका आदेशाने थांबू शकते, हाही या इतिहासाचा धडा आहे.

तरी त्यातला एक भाग कोणत्याही आदेशावाचून करता येतो. शेजारच्या चार शाळांतील विज्ञानशिक्षकांनी महिन्यातून एक दुपार एकत्र बसावे, पुढच्या धड्यातला प्रयोग आधी स्वतः करावा, आणि जो जमला नाही त्याबद्दल मोकळेपणाने बोलावे. सुरुवात टेबल मोजण्यापासूनही करता येईल.