गांजाविषयक कायदा-सुधारणेची ब्रिटनमधील चळवळ

शासनाने नेमलेल्या समितीने एक सांगावे आणि शासनाने दुसरेच करावे, हा प्रकार इतिहासास अपरिचित नाही. ब्रिटनमधील गांजाविषयक कायद्याच्या बाबतीत मात्र तो इतक्या वेळा घडला की, त्या कायद्यात सुधारणा मागणाऱ्या संस्थांचा इतिहास हा पुष्कळ अंशी अहवालांच्या उपेक्षेचा इतिहास ठरतो. या संस्थांना यश कोठे लाभले आणि कोठे लाभले नाही, याचा उलगडा करावयाचा तर आरंभ लंडनपासून नव्हे, हिंदुस्थानापासून करावा लागतो.

२ मार्च १८९३ रोजी ब्रिटिश कॉमन्स सभेत बंगालमधील गांजाच्या लागवडीविषयी व परिणामांविषयी प्रश्न विचारला गेला. तो काळ अफू व मद्य यांविरुद्धच्या सुधारक चळवळीचा होता. गांजावर बंदी यावी, हीच त्या वर्तुळातील अपेक्षा होती. हिंदुस्थान सरकारने डब्ल्यू. मॅकवर्थ यंग यांच्या अध्यक्षतेखाली सात सभासदांचा आयोग नेमला. त्यांपैकी तिघे हिंदी होते. आयोगाने १,१९३ जणांच्या साक्षी नोंदविल्या आणि वेड्यांच्या इस्पितळांतील दप्तरेही तपासली. तेथे त्यास असे आढळले की, वेडाचे कारण म्हणून ‘गांजा’ हा शब्द अनेकदा कोणतीही चौकशी न करता लिहिला जात असे. मित सेवनापासून बहुधा अपाय होत नाही, अतिसेवन घातक आहे, आणि सरसकट बंदी आवश्यकही नाही व इष्टही नाही, असा निष्कर्ष १८९४ मध्ये आयोगाने दिला. बंदीच्या अपेक्षेतून जन्मलेली चौकशी अशा रीतीने बंदीच्या विरुद्ध पुरावा ठरली.

ब्रिटनमधील कायदा मात्र या अहवालातून निघाला नाही. १९२५ च्या जिनिव्हा परिषदेत इजिप्तच्या प्रतिनिधीच्या आग्रहावरून गांजा-चरसाचा अंतर्भाव आंतरराष्ट्रीय करारात झाला, आणि तदनुसार १९२८ पासून ब्रिटनमध्ये बंदी अंमलात आली. पुढील जवळजवळ चार दशके या कायद्याविरुद्ध संघटित आवाज उठला नाही. तो उठला १९६७ मध्ये, तरुण वर्गातील अटकांचे प्रमाण वाढल्यावर. त्या वर्षी स्टीव्ह अब्रॅम्स यांनी ‘सोमा’ ही संस्था स्थापन केली. तिच्या वतीने २४ जुलै १९६७ रोजी ‘टाइम्स’ पत्रात पानभर जाहिरात प्रसिद्ध झाली. तिच्यावर शास्त्रज्ञ फ्रान्सिस क्रिक, कादंबरीकार ग्रॅहम ग्रीन आणि बीटल्स मंडळींच्या सह्या होत्या. संशोधनास मोकळीक असावी, गांजा घातक द्रव्यांच्या यादीतून वगळावा, जवळ बाळगण्यास फार तर अल्प दंड असावा, अशा तिच्या मागण्या होत्या. त्याच वर्षी कॅरोलिन कून व रूफस हॅरिस यांनी काढलेल्या ‘रिलीज’ या संस्थेचे कार्य निराळ्या प्रकारचे होते. अटक झालेल्यास दूरध्वनीवरून कायदेशीर साहाय्य देणे आणि पोलिसांसमोर आपले हक्क कोणते, हे समजावणे तिने आरंभिले. एक संस्था कायद्याच्या तत्त्वाशी झगडत होती, दुसरी त्याच्या रोजच्या अंमलबजावणीशी.

या सुमारास बार्बरा वूटन यांच्या अध्यक्षतेखाली एक सरकारी उपसमिती या विषयाचा शांतपणे विचार करीत होती. सदर जाहिरातीमुळे आपल्या कामास नवे महत्त्व आले, हे समितीने आपल्या अहवालात मोकळेपणाने मान्य केले. १८९४ च्या हिंदुस्थानी आयोगाच्या निष्कर्षाशी आपण सहमत आहोत, असेही तिने लिहिले. गांजा कायदेशीर करावा असे मात्र तिने म्हटले नाही. अल्प प्रमाणात तो बाळगणाऱ्यास सामान्यतः तुरुंगात धाडू नये आणि गांजाची हेरॉईनशी सांगड घालू नये, एवढेच तिचे म्हणणे होते. जानेवारी १९६९ मध्ये गृहमंत्री जेम्स कॅलहन यांनी कॉमन्स सभेत हा अहवाल नाकारला. समितीवर गांजाच्या पुरस्कर्त्यांचा प्रभाव पडला, असा त्यांचा आक्षेप होता. वूटनबाईंनी तो जाहीरपणे खोडून काढला. येथे चळवळीची एक कोंडी स्पष्ट दिसते. ज्या जाहिरातीने विषय ऐरणीवर आणला, तिनेच अहवाल झिडकारण्यास मंत्र्यांच्या हाती निमित्त दिले.

तथापि नाकारलेला अहवाल निष्फळ ठरला, असे म्हणता येत नाही. १९७१ च्या कायद्याने गांजा हेरॉईनपासून वेगळा करून ‘ब’ वर्गात ठेवला आणि तो बाळगण्याची कमाल शिक्षा दहा वर्षांवरून पाचावर आणली. पण एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने काढून घेतले गेले. १८३९ मध्ये कलकत्त्याच्या ओ’शॉनेसी यांच्या लेखनामुळे पाश्चात्त्य वैद्यकात शिरलेला गांजाचा अर्क ब्रिटिश डॉक्टर तोवर देऊ शकत असत. १९७३ च्या नियमांनी तोही बंद झाला. वूटन समितीने तो चालू ठेवावा असे सुचविले होते; परंतु चळवळीचा भर सेवन करणाऱ्याच्या स्वातंत्र्यावर होता, आणि रुग्ण हा तिच्या दृष्टिपथात जवळजवळ नव्हताच.

१९७८ मध्ये ‘लीगलाइझ कॅनाबिस कॅम्पेन’ उभी राहिली; १९९७ मध्ये ‘इंडिपेंडंट ऑन संडे’ या पत्राने मोहीम उघडली आणि २००७ मध्ये ती चूक होती असे जाहीर केले. २००४ मध्ये गांजा सौम्यतर ‘क’ वर्गात गेला. २००९ मध्ये सल्लागार मंडळाचे मत डावलून तो पुन्हा ‘ब’ वर्गात आणण्यात आला. प्रमाणांचे पारडे जड असूनही धोरणाचे पारडे हलत नाही, याचा हा पुनःप्रत्यय होता.

खरा बदल १ नोव्हेंबर २०१८ रोजी झाला. त्या दिवसापासून तज्ज्ञ डॉक्टरांना गांजापासून केलेली औषधे लिहून देण्याची मुभा मिळाली. त्यामागे तीव्र अपस्माराने पीडित मुलांच्या मातापित्यांनी केलेला प्रकट आग्रह होता. ही मुभा अरुंदच राहिली. सार्वजनिक आरोग्यसेवेतून अशी औषधे फार थोड्यांना मिळाली. तरीही व्यक्तिस्वातंत्र्याच्या युक्तिवादाने अर्धशतकात जे साधले नाही, ते आजारी मुलाच्या आईने काही महिन्यांत साधले. अहवालांनी चळवळीस तर्क पुरविला होता. शासनास मात्र दुःखाचा चेहरा दिसावा लागला. आणि १९७३ मध्ये फारशा विरोधावाचून जे गेले होते, त्याचाच काही अंश तेवढा पंचेचाळीस वर्षांनी परत मिळाला.