आधी तेल, मग मोटर

रिमोटवरच्या शर्यती गाड्यांचा इतिहास लोक मोटरपासून सांगतात. मी शॉक अब्सॉर्बरपासून सांगतो. १९७६ मध्ये जपानच्या तामिया कंपनीने १:१२ मापाची रिमोटवरची पोर्शे ९३४ आणली. मापं अचूक यावीत म्हणून कंपनीच्या शुन्साकु तामियांनी खरी पोर्शे विकत घेऊन सुटी केली होती. त्या ध्यासाला माझा नमस्कार! पण ती मुळात मॉडेलच्या हौसेतून जन्मलेली गाडी.

शर्यतीचं खरं शास्त्र आलं ते १९८४ मध्ये, कॅलिफोर्नियाच्या टीम असोसिएटेड कंपनीच्या आरसी१० या गाडीतून. ॲल्युमिनियमची चासी आणि चारही चाकांना तेल भरलेले शॉक. तेल घट्ट असेल तर गाडी उडीनंतर डोलत नाही, पण बारीक खड्ड्यांवर चाक जमीन सोडतं. पातळ असेल तर पकड मिळते आणि उडीनंतर पोट आपटतं. उन्हाने तेल पातळ होतं, म्हणून सकाळचं सेटिंग दुपारी फसतं. १९८५ च्या जागतिक ऑफ-रोड स्पर्धेचा टू-व्हील ड्राइव्ह विभाग आरसी१० नेच जिंकला.

नव्याने शिकणाऱ्यांनो, महागडी मोटर घेण्याआधी तेल बदलून पाहा. एका वेळी एकच बदल करा आणि तो वहीत लिहून ठेवा.