फायरवॉलला वळसा घालून

घटना अमेरिकेतल्या ओहायो राज्यातली आहे आणि वेळाही तिथल्याच. ईरी सरोवराच्या काठी डेव्हिस-बेसी नावाचा अणुवीज प्रकल्प आहे. २००३च्या जानेवारीत अणुभट्टी बंद होती. आदल्या वर्षी तिच्या झाकणाला गंजून खोल खड्डा पडलेला सापडला होता आणि दुरुस्ती चालू होती. बंद होती म्हणून बरं, असंच म्हणायला हवं.

२४ जुलै २००२
मायक्रोसॉफ्टने एसक्यूएल सर्व्हर २००० साठी पॅच दिला. कोणता डेटाबेस कुठल्या पोर्टवर आहे, हे विचारणाऱ्याला हा सर्व्हर यूडीपी पोर्ट १४३४ वर उत्तर देतो. प्रश्न वाजवीपेक्षा लांबलचक आला, तर त्यातला मजकूर मेमरीत नको तिथे सांडतो आणि आज्ञा म्हणून चालू लागतो. प्रकल्पाचे संगणक सांभाळणाऱ्यांना या पॅचची खबरच नव्हती.

शनिवार, २५ जानेवारी २००३, रात्री १२:३०
भारतात तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते. इंटरनेटवर स्लॅमर नावाचा वर्म सुटला. आकार अवघा ३७६ बाइट. देवनागरीत तेवढ्या जागेत जेमतेम दोन ओळी मावतील. तो डिस्कवर काहीच लिहीत नव्हता, मेमरीतच राहायचा. यूडीपीत आधी जोडणी जुळवावी लागत नाही, समोरच्याच्या होकाराची वाट पाहावी लागत नाही. त्यामुळे लागण झालेलं यंत्र मनाला येईल त्या पत्त्यांवर स्वतःची प्रत फेकत सुटायचं. लागण झालेल्या यंत्रांची संख्या सुरुवातीला दर साडेआठ सेकंदांनी दुप्पट होत होती.

१२:३३
सेकंदाला साडेपाच कोटी पत्ते चाचपले जात होते.

१२:४०
ज्यांना लागण होऊ शकत होती, अशा यंत्रांपैकी नव्वद टक्के गेली. एकूण आकडा किमान ७५,०००. दक्षिण कोरियात इंटरनेट ठप्प झालं. बँक ऑफ अमेरिकेच्या तेरा हजार एटीएमपैकी बहुतेकांतून पैसे निघेनात. माणसाने उठून पॅच शोधावा, असा वेळच उरला नव्हता. वाचले ते फक्त आधीच तयारी केलेले.

सकाळी ९
डेव्हिस-बेसीच्या कार्यालयीन नेटवर्कचा वेग मंदावला.

खरं तर इथे काही व्हायलाच नको होतं. फायरवॉल होती आणि तिच्यात पोर्ट १४३४ बंदही होता. नियम बरोबर होता, पण स्लॅमर त्या वाटेने आलाच नाही. प्रकल्पाचं काम करणाऱ्या एका कंत्राटदाराचं नेटवर्क टी-वन लाइनने थेट कंपनीच्या नेटवर्कला जोडलेलं होतं आणि ही लाइन फायरवॉलला वळसा घालून आत येत होती. आधी लागण कंत्राटदाराकडे झाली. तिथून या लाइनने ती कार्यालयात आली आणि पुढे प्रकल्पाच्या नेटवर्कवर पॅच नसलेला सर्व्हर तिला आयताच सापडला.

दुपारी ४
प्रकल्पाचं नेटवर्क रेंगाळतंय, हे कर्मचाऱ्यांच्या ध्यानात आलं. एका यंत्राच्या माऱ्यानेच सगळी लाइन भरून गेली होती.

४:५०
सुरक्षेची मापं दाखवणारी यंत्रणा कोसळली. शीतक, गाभ्याचं तापमान, किरणोत्सर्ग या सगळ्यांची माहिती नियंत्रण कक्षाला याच पडद्यावर मिळते.

५:१३
प्रकल्पाचा प्रक्रिया संगणकही बंद पडला. जुने अॅनालॉग काटे मात्र शाबूत होते. त्यांच्यावर संगणकाची सावलीही पडलेली नव्हती, म्हणून ते वाचले.

रात्री ९:४०
पहिली यंत्रणा पुन्हा सुरू झाली. प्रक्रिया संगणकाला ११:२२ वाजले. नुसतं रीस्टार्ट केल्याने स्लॅमर मेमरीतून जायचा, पण बाहेरची वाट उघडी असेल तर लगेच परत यायचा. आधी वाट बंद करायची, मग पॅच लावायचा, त्यानंतरच यंत्र पुन्हा नेटवर्कला जोडायचं, हाच क्रम लागत होता.

दुसऱ्या एका वीज कंपनीत हाच वर्म व्हीपीएनच्या जोडणीतून शिरला आणि नियंत्रण यंत्रणेच्या नेटवर्कपर्यंत पोचला. व्हीपीएन आतल्या माहितीला बाहेरच्या नजरेपासून झाकतो. पलीकडच्या टोकाचं यंत्र निरोगी आहे की नाही, हे तो आपणहून तपासत नाही.

माझ्या मते डेव्हिस-बेसीतला दोष फायरवॉलचा नव्हता, नकाशाचा होता. कुठली तार कुठून आत येते, याची नोंद कुणीतरी ठेवायला हवी होती. आज हेच काम आपल्या घरात येऊन पडलंय: ऑफिसचा व्हीपीएन, फोटोंसाठी ठेवलेला सर्व्हर, बाहेरून बघता यावा म्हणून लावलेला कॅमेरा. राउटरमध्ये जाऊन पोर्ट फॉरवर्डिंगची यादी वाचा आणि ज्याचं कारण सांगता येत नाही ते काढून टाका. यूपीएनपी चालू असेल तर बंद करा; तो उपकरणांना तुम्हाला न विचारता पोर्ट उघडू देतो. व्हीपीएनमधून येणाऱ्याला अख्खं घर मोकळं ठेवू नका. ज्या सर्व्हरचं काम आहे, तेवढाच मार्ग द्या. आणि पॅच आला की त्याच आठवड्यात लावा. स्लॅमरचा पॅच सहा महिने आधीच आलेला होता.