किरमानचा गालिचा

नव्या जागेत राहायला येऊन आम्हांला सहा महिने झाले होते. पडदे लागले, पुस्तकांची कपाटे लागली, गॅलरीत तुळशीलाही कोपरा मिळाला. दिवाळी तोंडावर आली तेव्हा आमच्या सौ. दिवाणखान्याच्या मधोमध उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "अहो, ही फरशी फार उघडी उघडी वाटते. इथं एक गालिचा हवा. यंत्रावरचा नको हं. जुना, हातानं विणलेला, इराणी."

जन्मभर शाळेत इतिहास शिकवलेल्या माणसासमोर ‘जुना’ हा शब्द जपून उच्चारावा. मी ताबडतोब व्याख्यान सुरू केले. गालिचा हा शब्दच मुळी फारसी. तिकडे ‘काली’ म्हणजे मोठा गालिचा आणि ‘कालीचा’ म्हणजे लहान. आपण लहानाचे नाव उचलले आणि सगळ्यांनाच लावले. जाजमही तिकडचेच. शिवछत्रपतींनी राजव्यवहारकोश करवून घेतला आणि दरबारातल्या फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. पण बाजार, दुकान, गालिचा ही मंडळी लोकांच्या तोंडून हलली नाहीत ती नाहीतच.

"व्याख्यान पुरे," सौ. म्हणाल्या. "आधी गालिचा आणा, मग त्यावर बसून सांगा."

पहिला गालिचा मी एकट्याने आणला आणि सपशेल फसलो. दुकानदाराने तो शंभर वर्षांचा म्हणून सांगितला होता आणि माझ्यातल्या इतिहासशिक्षकाला तेवढे पुरले. घरी आल्यावर सौ.नी चष्मा लावला, गालिचा उलटा केला आणि कडेला बोट ठेवले. "अहो, ह्या दशा मागाहून शिवल्यात!" पाहतो तो खरेच, शिवणयंत्राची सरळ टीप! मग त्यांनी ओला रुमाल आणून लाल फुलावर घासला. रुमालाला कुंकू लागावे तसा रंग लागला. तो गालिचा सध्या माळ्यावर आहे. दुकानाचे नाव मी सांगणार नाही. कारण गालिचा उलटा करून पाहायला मला कोणी मनाई केली नव्हती.

दुसऱ्या खेपेस आम्ही दोघे मिळून गेलो. दक्षिण मुंबईतल्या एका गल्लीत एक वृद्ध गालिचेवाले गृहस्थ आहेत. त्यांनी आधी चहा मागवला. "बाईसाहेब, गालिचा उभ्याउभ्या घेत नसतात," ते म्हणाले आणि एकेक गालिचा पाठीवर पालथा टाकू लागले. जे मी पुस्तकांतून शिकलो नव्हतो ते तासाभरात त्या पाठींवरून शिकलो.

हाताने विणलेल्या गालिच्यात आधी मागावर उभे दोरे ताणतात. त्यांतल्या दोन दोन दोऱ्यांभोवती लोकरीचा एक तुकडा गुंडाळायचा, खाली ओढायचा, सुरीने कापायचा. ही झाली एक गाठ. अशी आडवी रांग भरली की बाण्याचा दोरा घालून वर फणी ठोकायची आणि पुढली रांग धरायची. कापलेल्या लोकरीची टोके म्हणजे गालिच्याची लव, आणि उभ्या दोऱ्यांची उरलेली टोके म्हणजे दशा. म्हणून अस्सल गालिच्याच्या दशा त्याच्या अंगातूनच येतात, चिकटवाव्या लागत नाहीत. पाठीवर प्रत्येक गाठ डोळ्यांना दिसते आणि नक्षी पुढच्या इतकीच स्पष्ट उमटते.

चोरीही पाठीवरच पकडता येते. दोनऐवजी चार दोऱ्यांभोवती एक गाठ मारली की निम्म्या कष्टांत काम उरकते. ह्याला तिकडे ‘जुफ्ती’ म्हणतात. असा गालिचा नवा असताना छान दिसतो, पण त्याची लव विरळ पडते आणि लवकर झिजते.

मग रंग. एका निळ्या पट्ट्याकडे बोट दाखवून मी ऐटीत म्हणालो, "इथं रंग उडालाय." निळा खाली गडद होता, मध्येच फिका झाला होता. गालिचेवाले हसले. पण उत्तर आमच्या सौ.नीच दिले. "उडालाय कसला! चकलीचा एक घाणा संपून दुसरा लागला की रंग बदलतो ना, तसं झालंय." आणि तेच खरे होते. लोकर थोडी थोडी रंगवीत. एका खेपेचा रंग दुसऱ्या खेपेशी तंतोतंत जुळत नसे. ह्या छटाबदलाला ‘अब्रश’ म्हणतात, आणि जाणकार त्याला दोष मानत नाहीत. निळा रंग निळीचा, तांबडा मंजिष्ठाच्या मुळांचा, तपकिरी अक्रोडाच्या सालींचा. 1856 साली इंग्लंडात पर्किनने पहिला कृत्रिम रंग काढला आणि पुढल्या काही दशकांत असले स्वस्त रंग इराणात पोचले. ते उन्हाने विटत, पाण्याने पसरत. इराणच्या सरकारने त्यांवर बंदी घालून पाहिली. पण स्वस्ताईपुढे बंदीचे काही चालले नाही.

शेवटी त्यांनी आतून एक लहान गालिचा आणला. सहा फूट लांब, चार फूट रुंद. मधोमध फिका हस्तिदंती रंग, त्यावर फुलांची जाळी, आणि काठाला असा तांबडा की ज्याला आपण किरमिजी म्हणतो. तो शब्दही किरमिज नावाच्या रंगकिड्यावरून आला आहे, आणि हा रंगही किड्यापासूनच काढलेला होता. "किरमानचा आहे," ते म्हणाले. "शंभराच्या आतबाहेर वय असेल. इथल्याच एका इराणी कुटुंबाच्या घरातला."

मुंबईच्या वाचकाला हे नवल वाटणार नाही. किरमान आणि यझ्द ह्या दोन शहरांच्या आसपास जरथुष्ट्री लोक शतकानुशतके टिकून राहिले होते. त्यांची दैना पाहून मुंबईच्या पारशांनी 1854 साली माणेकजी लिमजी हातरिया ह्यांना तिकडे पाठवले, आणि त्यांच्या खटपटीने 1882 साली त्या लोकांवरचा जिझिया कर उठला. तिकडून मुंबईला आलेल्यांनीच पुढे कोपऱ्याकोपऱ्यावर इराणी हॉटेले थाटली. त्यांच्या सामानातून एखादा गालिचा आला असेल तर त्यात अशक्य काही नाही.

गालिचा दोन दिवस घरी नेऊन पाहायची मुभा मिळाली. ते दोन दिवस मी किरमानचा इतिहास वाचण्यात घालवले, आणि तिथेच आमची अडचण सुरू झाली.

गालिच्यांच्या इतिहासात राजेरजवाडे पुष्कळ भेटतात. सायबेरियातल्या अल्ताई पर्वतात बर्फाने गोठलेल्या एका थडग्यात 1949 साली रुदेंको ह्या संशोधकाला सव्वादोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीचा गालिचा मिळाला. तो एका सरदाराचा. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातला अर्दबीलचा प्रसिद्ध गालिचा 1539–40 सालचा, शाह तहमास्पच्या कारकिर्दीतला. त्याच्यासारखाच दुसराही होता. एकोणिसाव्या शतकात एकाचे तुकडे काढून दुसऱ्याची डागडुजी केली आणि तो पुरा दिसणारा गालिचा संग्रहालयाने 1893 साली 2,000 पौंडांना घेतला. त्याच्या अडीच कोटींवर गाठींमध्ये नाव मात्र एकाच माणसाचे विणलेले आहे, काशानच्या मकसूदचे. बाकीचे हात कोणाचे, ते गालिचा सांगत नाही.

किरमानचा इतिहास वाचताना हेच ‘बाकीचे हात’ मला दिसू लागले. 1794 साली आगा मोहम्मद खान काजारने हे शहर जिंकले आणि सूड म्हणून तिथल्या हजारो पुरुषांचे डोळे काढवले. इतिहासकार वीस हजारांचा आकडा देतात. त्या आघातातून शहर सावरले ते बारीक विणकामावर. आधी शालींवर, आपल्या पदरावरची कुयरी किरमानच्या शालींवरही दिसते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपात शालींची हौस ओसरली तेव्हा शालींचे नक्षीकार गालिच्यांकडे वळले. तब्रीझचे व्यापारी आले, मागून युरोप-अमेरिकेच्या पेढ्या आल्या. अमेरिकन दिवाणखान्यांना किरमानचे फिके, फुलांचे गालिचे फार आवडले. मागणी वाढली तसे माग वाढले, आणि मागांवर मुले बसली.

बारीक गाठीला बारीक बोटे बरी, असे मालक म्हणत. खरे कारण बारीक मजुरी हेच. मुले पाच-सहा वर्षांची असताना अंधाऱ्या, दमट खोल्यांत फळीवर बसत ती दिवस मावळेपर्यंत. हाडे वाढायच्या वयात सूर्य नाही, हालचाल नाही, पाय वाकत. अशा मुली मोठ्या झाल्या की त्यांचे बाळंतपण जिवावर बेतत असे, हे तिथल्या मिशनरी डॉक्टरांनी नोंदवून ठेवले आहे. ही हकीकत जिनीव्हाला, नव्यानेच निघालेल्या आंतरराष्ट्रीय मजूर कचेरीपर्यंत पोचली. तिने इराण सरकारकडे विचारणा केली, आणि डिसेंबर 1923 मध्ये किरमानच्या सुभेदाराने हुकूम काढला : काम आठ तासांहून अधिक नको, आठ वर्षांखालचा मुलगा आणि दहा वर्षांखालची मुलगी कारखान्यात नको, तळघरात, दमट जागी माग नकोत, शुक्रवारी सुटी. हुकूम कागदावरून मागापर्यंत पोचायला फार दिवस लागले. पण त्यावरून आधी काय चालत होते ते कळते. जे चालू असते त्यावरच बंदी येते.

मी कागदपेन्सिल घेतली. आमच्या समोरच्या गालिच्यात चौरस इंचाला सुमारे दोनशे गाठी. म्हणजे एकूण सहा लाख एक्याण्णव हजार दोनशे. दिवसाला आठ हजार गाठी धरल्या तरी एका माणसाचे शहाऐंशी दिवस. आणि तो माणूस केवढा होता?

सौ.ना हे सांगितले. त्या गालिच्याच्या कडेशी बसल्या होत्या. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "ह्यावर पाय कसा ठेवायचा हो?"

मला उत्तर सुचले नाही. परत द्यावा, तर तो दुसऱ्या कोणाच्या दिवाणखान्यात जाणार, आणि तिथे कोणी हा हिशेब करणार नाही. भिंतीवर टांगावा, तर ज्याने विणला त्याने तो जमिनीसाठी विणला होता. 2013 साली न्यूयॉर्कच्या लिलावात सतराव्या शतकातला एक गालिचा तीन कोटी सदतीस लाख डॉलरांना गेला. तोही किरमानचाच मानतात. त्या पैशांतला एकही विणणाऱ्याच्या वंशजाकडे गेला नसेल. आपल्या चार पैशांनी शंभर वर्षांपूर्वीचे मूल त्या फळीवरून उठत नाही, हेही खरे.

शेवटी निर्णय सौ.नी घेतला. "ठेवून घेऊ. वापरू. पण घरी येणाऱ्या प्रत्येकाला सांगू, हा कसा होतो ते. आणि ह्यापुढं नवी वस्तू हातानं केलेली म्हणून घेतली आणि ती फार स्वस्त निघाली, तर ती कुणाला महाग पडली असेल ते आधी विचारू." किमतीचा आकडा मी इथे देत नाही; घरातल्या शांततेसाठी काही गोष्टी छापू नयेत.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी गालिचा दिवाणखान्यात पडला. नऊ वर्षांची आमची नात येताच त्यावर लोळली, मग मी सांगितलेली गोष्ट तिने निमूट ऐकली. "आजोबा, मी मोजून बघू?" तिने गालिच्याचा कोपरा उलटा केला, पट्टीने एक इंच आखला आणि सुईच्या टोकाने एकेक गाठ मोजू लागली. चाळीसपर्यंत नीट मोजले. साठाला डोळे चोळले. त्र्याऐंशीला आकडा चुकला, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

इतक्यात खालून हाक आली. फुलबाज्या पेटल्या होत्या. तिने सुई माझ्या हातात दिली, "आजोबा, पुढचं तुम्ही मोजा," म्हणाली आणि धावत सुटली.

तिला उठून जाता आले. मी मात्र बराच वेळ तो कोपरा हातात धरून बसलो होतो.