सरस्वती महाल ग्रंथालय, तंजावर

सरस्वती महाल ग्रंथालय : तमिळनाडूतील तंजावर येथे राजवाड्याच्या आवारात असलेले दुर्मिळ हस्तलिखितांचे व चित्रांचे प्रसिद्ध संग्रहालय-ग्रंथालय. त्याचा उगम नायक राजांच्या (सोळावे–सतरावे शतक) ग्रंथभांडारात आहे. जुन्नरजवळील शिवनेरीवर जन्मलेल्या छत्रपती शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी यांनी सु. १६७५ मध्ये तंजावरास भोसले घराण्याची सत्ता स्थापिली, तेव्हा हे भांडार मराठ्यांकडे आले.

त्याला आजचे रूप आले ते दुसऱ्या सरफोजीमुळे (१७७७–१८३२). श्वार्ट्‌झ या मिशनऱ्याच्या देखरेखीखाली शिकलेला हा राजा १७९८ मध्ये गादीवर बसला. पण पुढच्याच वर्षीच्या तहाने राज्यकारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला व त्याच्याकडे किल्ला आणि वाडा एवढेच उरले. सत्ता गेली तरी तनखा व सवड उरली होती. ती त्याने विद्येकडे लावली. काशीयात्रेत त्याने पुष्कळ संस्कृत पोथ्या मिळविल्या. यूरोपीय भाषांतील हजारो छापील ग्रंथही त्याने जमविले; त्यांतील अनेकांवर त्याची इंग्रजी स्वाक्षरी आढळते. वाड्यातील देवनागरी छापखान्यातून बालबोध मुक्तावली हे मराठी पुस्तक १८०६ मध्ये निघाले. आपल्या घराण्याचा मराठी इतिहास मात्र त्याने कागदावर न सोपविता बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर कोरविला (१८०३).

संग्रहात सु. ४९,००० हस्तलिखिते असून त्यांत संस्कृत पोथ्यांचा भरणा फार मोठा आहे. तमिळ व तेलुगू ग्रंथांखेरीज ३,००० वर मराठी हस्तलिखिते आहेत. मराठी वाचकाच्या दृष्टीने त्यांतील शहाजी राजाच्या (कार. १६८४–१७१२) काळातील मराठी नाटकांचे मोल विशेष आहे. विष्णुदास भावे यांच्या सीतास्वयंवरापासून (१८४३) मराठी रंगभूमीचा आरंभ मानण्याची रूढी या नाटकांपुढे टिकत नाही. निदान लिखित नाटकाचा इतिहास त्यांनी सु. दीडशे वर्षे मागे नेला. चित्रित पोथ्या, तसेच सोन्याचा वर्ख व खडे यांनी मढविलेली देवदेवतांची तंजावर शैलीची चित्रे संग्रहालयात मांडली आहेत.

१८५५ मध्ये दुसरा शिवाजी निपुत्रिक वारला व संस्थान खालसा झाले. संग्रहाची फाटाफूट त्यानंतर सहज झाली असती. परंतु बर्नेलने संस्कृत पोथ्यांची वर्गीकृत सूची प्रसिद्ध केली (१८८०) आणि राजघराण्याच्या संमतीने १९१८ मध्ये ग्रंथालय सार्वजनिक झाले. दरबारी मोडी कागदांचे शेकडो रुमाल येथे आहेत. पण मोडी वाचणारे थोडे असल्याने त्यांतील बराच मजकूर अद्याप अप्रकाशित आहे.